दुसऱ्याच्या पुस्तकातला संदर्भ आपल्या प्रबंधात कसा द्यायचा? ‘दुय्यम संदर्भा’चे नियम सोप्या भाषेत

समजा, तुम्ही प्रबंध लिहिताय. सबमिशन आठवड्यावर आलंय. हातातल्या पुस्तकात तुमच्या मुद्द्यासाठी अगदी चपखल आकडेवारी सापडते. पुढे कंसात मूळ संशोधकाचं नाव आणि साल दिलेलं असतं. अशा वेळी बरेच जण तो कंस जसाच्या तसा उचलतात, संदर्भसूचीत मूळ लेखाचं नाव टाकतात आणि पुढे सरकतात. मूळ लेख मात्र उघडूनही बघत नाहीत.

‘त्यात काय एवढं? नाव तर दिलंय ना!’ असं वाटू शकतं. पण मूळ मजकूर न तपासता संदर्भ पुढे जात राहिले तर काय होतं, याचं अमेरिकेतलं एक उदाहरण डोळे उघडणारं आहे.

पाच वाक्यांच्या पत्राची गोष्ट

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र छापून आलं. ते फक्त पाच वाक्यांचं होतं. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. त्यातल्या ११,८८२ रुग्णांना किमान एकदा अफूजन्य वेदनाशामक दिलं गेलं होतं. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या रुग्णांमध्ये व्यसन लागल्याची नीट नोंद असलेली प्रकरणं फक्त चार आढळली, असं त्यांनी लिहिलं.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की, हे सगळे रुग्ण रुग्णालयात दाखल होते. घरी बसून महिनोन्‌महिने अशा गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात काहीच नव्हतं. शिवाय ते संपादकांना पाठवलेलं पत्र होतं, सविस्तर संशोधन नव्हे.

पण पुढच्या काळात ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून हे पत्र एका लेखातून दुसऱ्या लेखात जात राहिलं. २०१७ मध्ये लेउंग आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात याचा हिशोब मांडला. पत्राचा संदर्भ ६०८ ठिकाणी सापडला. त्यापैकी ४३९ लेखांनी, म्हणजे सुमारे ७२ टक्क्यांनी, ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि ४९१ लेखांनी, म्हणजे सुमारे ८१ टक्क्यांनी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच केला नव्हता!

डॉक्टरांची व्यसनाबद्दलची भीती कमी करण्यात या संदर्भांचा हातभार लागला आणि उत्तर अमेरिकेतल्या अफूजन्य औषधांच्या संकटात त्याचाही वाटा होता, असं या अभ्यासकांचं मत आहे. त्या ६०८ पैकी किती जणांनी मूळ पत्र वाचलं होतं, हे या आकड्यांवरून कळत नाही. पण ते उघडणाऱ्याला एका मिनिटात कळलं असतं की, हे पाच वाक्यांचं पत्र आहे आणि त्यातले रुग्ण कोण आहेत.

दुय्यम संदर्भ म्हणजे नेमकं काय?

इथे अनेकांचा गोंधळ होतो. इतिहासात दुय्यम साधन म्हणजे मूळ कागदपत्रांवरून नंतर लिहिलेला ग्रंथ. असा ग्रंथ तुम्ही स्वतः वाचला आणि त्याच्या लेखकाचं मत मांडलं, तर तो नेहमीसारखा सरळ संदर्भ झाला.

आपण बोलतोय ते वेगळं आहे. ‘क’ने काय म्हटलं हे तुम्हाला ‘ख’च्या पुस्तकातून कळलं आणि ‘क’चं लेखन तुम्ही पाहिलेलं नाही, तर तो दुय्यम संदर्भ. त्याचा मूळ नियम एका ओळीत सांगता येतो: जे वाचलं, त्याचाच संदर्भ द्यायचा आणि कुणामार्फत कळलं ते लपवायचं नाही.

तो लिहायचा कसा?

तुमच्या विद्यापीठाने कोणती संदर्भपद्धती सांगितली आहे, ते आधी बघा. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तीन पद्धती अशा:

१. एपीए: मजकुरात दोघांचीही नावं येतात. उदा. (पोर्टर आणि जिक, १९८०, लेउंग आणि इतर, २०१७ मध्ये उद्धृत). इंग्रजीत लिहिताना मध्ये ‘अ‍ॅज सायटेड इन’ हे शब्द येतात. संदर्भसूचीत मात्र फक्त लेउंग यांचा लेख द्यायचा, कारण तुम्ही तोच वाचलाय.

२. एमएलए: मूळ लेखकाचं नाव वाक्यात घ्यायचं. अवतरण दिलं असेल तर कंसात ‘कोटेड इन’चं लघुरूप, मग तुम्ही वाचलेल्या लेखकाचं नाव आणि पान क्रमांक. इथेही सूचीत तुम्ही वाचलेलंच पुस्तक किंवा लेख.

३. शिकागो: शक्यतो असा संदर्भ टाळाच, असं ही पद्धत सांगते. मूळ लेखन मिळतच नसेल तर तळटीपेत दोन्हींची माहिती द्यायची: आधी मूळ लेखन, मग ते कुठे उद्धृत झालंय ते.

मराठी विद्यार्थ्यांसाठी एक खास सापळा

महात्मा फुले यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ सालचं, मराठीतलं पुस्तक. त्यातला उतारा एखाद्या इंग्रजी ग्रंथात भाषांतरित होऊन येतो. विद्यार्थी तो पुन्हा मराठीत आणतो, अवतरणचिन्हांत टाकतो आणि खाली लिहितो, ‘फुले, १८७३’. आता त्या चिन्हांमधले शब्द फुल्यांचे राहिलेच नाहीत, ते विद्यार्थ्याचे झाले! मूळ मराठी मजकूर उपलब्ध असताना तो उघडून बघणं हाच यावरचा उपाय. तसं करणं शक्यच नसेल, तर अवतरणचिन्हं काढून आशय सांगा आणि तो कोणत्या ग्रंथातून घेतलाय ते लिहा.

दुय्यम संदर्भ कधी चालतो?

मूळ पुस्तक दुर्मीळ आहे, मूळ भाषा आपल्याला येत नाही किंवा लेख कुठेच मिळत नाही, तर दुय्यम संदर्भ द्यायला हरकत नाही. पण त्याआधी एवढं करून बघा:

• लेखाचं नाव गुगल स्कॉलरवर शोधा. अनेकदा मोफत प्रत मिळते.
• भारतीय विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगावर पाहा.
• स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर असू शकतात.
• ग्रंथपालांना विचारा. दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते का, हे त्यांना माहीत असतं.
• मूळ लेखकाला ईमेल करा. अनेक जण आनंदाने लेख पाठवतात.

चॅटबॉटने सुचवलेल्या संदर्भालाही हाच नियम लावा. तो लेख अस्तित्वात आहे का, इथपासून तपासा.

सॉफ्टवेअर पकडेल का?

नाही पकडणार, आणि खरी जोखीम इथेच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साधर्म्य तपासलं जातं आणि १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण ही तपासणी शब्द जुळतात का ते बघते, शिवाय संदर्भसूची त्यातून वगळलेली असते. न वाचलेला लेख तुम्ही सूचीत घुसवला, तर अहवालात काहीच दिसणार नाही.

ते दिसतं तोंडी परीक्षेत. परीक्षक सूचीतल्या एका नावावर बोट ठेवून विचारतात, ‘या लेखात नमुना कसा निवडला होता?’ आणि उत्तर नसतं. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या पुस्तकात पान क्रमांक किंवा साल चुकलेलं असेल, तर ती चूक आता तुमच्या नावावर जमा होते.

म्हणून सबमिशनच्या आधी एक संध्याकाळ राखून ठेवा. संदर्भसूचीतल्या प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा: हे मी उघडून पाहिलंय का? उत्तर ‘हो’ असेल तर नाव राहू द्या. ‘नाही’ असेल तर मूळ लेख शोधा, नाहीतर ‘मध्ये उद्धृत’ असं लिहून मोकळे व्हा. या दोन शब्दांनी तुमच्या प्रबंधाची पत कमी होत नाही. उलट, कुठवर आपण स्वतः पाहिलंय आणि कुठून पुढे दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवलाय, हे वाचणाऱ्याला नेमकं कळतं.