मानक कोणासाठी? मुलासाठी की शाळेसाठी?

"मुलगी कितव्या स्टँडर्डला आहे?" हा प्रश्न तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल, विचारलाही असेल. इयत्तेला आपण 'स्टँडर्ड' का म्हणतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. स्टँडर्ड म्हणजे मानक, प्रमाण. मग मूल त्या मानकात 'बसतं' कसं? या एका शब्दाचा माग काढत गेलं की बालशिक्षणाच्या इतिहासातला एक जुना वाद हाती लागतो. तो अजून सुटलेला नाही. आज त्याबद्दल बोलू.

गोष्ट सुरू होते 1862 च्या इंग्लंडमध्ये. सरकारी अनुदानावरचा खर्च वाढत चालला होता. शिक्षण खात्याची धुरा सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी नवी नियमावली आणली. तिच्यात सहा 'स्टँडर्ड' ठरवून दिले होते. पहिल्या स्टँडर्डच्या मुलाने वीसपर्यंतचे आकडे ओळखायचे, दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी तोंडी करायची, सांगितलेली अक्षरं पाटीवर काढायची. वर्षातून एकदा तपासनीस येणार आणि एकेका मुलाची परीक्षा घेणार. वाचन, लेखन, गणित यांपैकी एका विषयात मूल नापास झालं की त्याच्यामागचे दोन शिलिंग आठ पेन्स शाळेला मिळणार नाहीत. याला नाव पडलं 'निकालावर पैसे'. आपल्या मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना अनुदान देताना ही पद्धत वापरली गेली.

परिणाम काय झाला असेल, तुम्हीच ओळखा. शिक्षक तेवढंच शिकवू लागले, मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करू लागली. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. त्यांनी या यांत्रिकपणावर सातत्याने टीका केली.

पण मला यातली सगळ्यात लक्षवेधी गोष्ट वेगळीच वाटते. मूळ प्रस्तावात अगदी लहान मुलांचीही परीक्षा घ्यायची होती. त्यावर ओरड झाली आणि सहा वर्षांखालच्या मुलांना परीक्षेतून वगळलं गेलं. त्यांच्यासाठीचं अनुदान हजेरीवर आणि तपासनिसाच्या अहवालावर ठरू लागलं. या मुलांना त्यांच्या वयाला साजेसं शिकवलं जातंय का, एवढंच त्या अहवालात पाहायचं होतं. म्हणजे एकाच नियमावलीत दोन प्रकारची मानकं आली. मोठ्या मुलांसाठीचं मानक मुलाला मोजत होतं. लहानग्यांसाठीचं मानक शाळेला मोजत होतं.

हा फरक मला लगेच भिडतो, कारण मी मूळची रसायनशास्त्राची. प्रयोगशाळेत तराजू तपासायला आपण प्रमाण वजनं ठेवतो. प्रमाण वजन ठेवूनही आकडा चुकला, तर दोष तराजूचा असतो, मग तराजू दुरुस्त करायचा. तिथे मानक हे आधी आपल्या साधनाला जाब विचारण्यासाठी असतं. बालशिक्षणात मात्र हे पुन्हा पुन्हा उलटं होतं आणि जाब विचारला जातो चार वर्षांच्या मुलाला.

आता रोमला जाऊ. 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरी यांनी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांची मानकं फार काटेकोर होती. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात. सगळ्यात लहान ठोकळ्याची बाजू 1 सेंटिमीटर, सगळ्यात मोठ्याची 10, आणि प्रत्येक पुढचा ठोकळा बरोबर 1 सेंटिमीटरने मोठा. खुर्च्या मुलांच्या उंचीच्या, कपाटं त्यांचा हात पोचेल अशी. हा सगळा काटेकोरपणा मोठ्यांवर आणि वस्तूंवर होता. मुलाला मात्र आपल्या गतीने चालायची मुभा होती.

हीच पद्धत भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी रुजवली. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. इथवर प्रवास शहरी मध्यमवर्गातला होता. खरी कसोटी लागली 1945 मध्ये, बोर्डीला. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्त्यांमधली मुलं तिच्याकडे फिरकेनात. मग या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. श्रीमंताच्या मुलाला घासून-पुसून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे आणि वारल्याच्या मुलाला बिया? हा दर्जा खाली आणणं नाही का?

मला वाटतं, उत्तर मानक कशाला म्हणतो यावर आहे. मानक जर ठोकळ्याचं असेल, तर हो, दर्जा घसरला. पण लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे मुलाने स्वतः हाताळून ओळखावं, हे मानक असेल, तर ते बियांनीही पाळता येतं. ताराबाईंनी साहित्य बदललं. मुलाला स्वच्छ ठेवणं, त्याच्याशी आदराने वागणं, प्रशिक्षित शिक्षिका असणं यांत त्यांनी सूट घेतली नाही. नेमकी हीच बाजू पुढे निसटली. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. पण सेविकेवर पोषण आहार, लसीकरणाला मदत, नोंदवह्या असं सगळंच येऊन पडलं. खेळ आणि शिकणं मागे राहिलं.

त्याच काळात शहरांत उलटं टोक गाठलं गेलं. तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती सुरू झाल्या. 1993 मध्ये यशपाल समितीला स्पष्ट सांगावं लागलं की नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा, आणि जागा, कर्मचारी, खेळसाहित्य यांचे निकष ठरवा. पुन्हा तेच. मुलाला मोजू नका, जागेला मोजा.

2013 च्या राष्ट्रीय धोरणात असे निकष आले. 30 मुलांसाठी किमान 35 चौरस मीटरची खोली, बाहेर 30 चौरस मीटर मोकळी जागा, तीन ते सहा वयाच्या 20 मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती. 35 चौरस मीटर म्हणजे साधारण 375 चौरस फूट. तुमच्या गल्लीतली अंगणवाडी आणि कोपऱ्यावरची रंगीबेरंगी नर्सरी, दोन्ही डोळ्यांसमोर आणा. किती ठिकाणी हे जुळतं?

म्हणून 'मानकंच नकोत' हे म्हणणं मला पटत नाही. मानक नसलं की सगळ्यात आधी फटका बसतो तो ज्यांना दुसरा पर्याय नाही त्या मुलांना. पण 2021 पासून निपुण भारतमुळे लहान वयातल्या अक्षर-अंकओळखीची ध्येयं पुन्हा चर्चेत आहेत, तेव्हा 1862 विसरू नये. मुलाला किती येतं हे शिक्षिकेला कळायलाच हवं, कारण त्यावरून उद्या काय करायचं ते ठरतं. तोच आकडा अनुदानाला, प्रवेशाला किंवा पालकांच्या इभ्रतीला बांधला, की तो बिघडतो.

तुमच्या घरात बालवाडीच्या वयाचं मूल असेल, तर पुढच्या पालकसभेत "आमच्याला एबीसीडी येते का?" याआधी तीन प्रश्न विचारा. एका ताईंकडे किती मुलं आहेत? बाहेर खेळायला जागा किती आहे? आणि ताईंचं प्रशिक्षण कुठे झालं? उत्तर द्यायला शाळा अडखळली, तर मोजमाप योग्य जागी लागलंय असं समजा.