जंताच्या अंड्यापासून मेंदूच्या गाठीपर्यंत

मेंदूच्या गाठीवर रेडिएशनच्या जोडीने ऑक्सिजन देण्याचा विषय निघाला की जाणकार त्याचं कूळ थेट पाणबुड्यांपाशी नेतात. पोलादी कोठी, आत वाढवलेला दाब, शुद्ध ऑक्सिजन ओढत पडलेला रुग्ण. हे सगळं पाणबुड्यांच्या आणि नदीच्या तळाशी पुलाचे पाये खणणाऱ्या मजुरांच्या आजारातून आलं. कोठी आली, कबूल. कल्पना मात्र जंताच्या अंड्यातून आली, यावर मी ठाम आहे.

1921 साली हर्मान होल्टहुझेन या जर्मन डॉक्टरने ॲस्कॅरिस जंताची अंडी क्ष-किरणांखाली धरली. ऑक्सिजन काढून घेतला, तर तीच अंडी किरणांना फारशी दाद देईनात. त्याने कारण लावलं ते चुकीचं: ऑक्सिजनविना पेशींचं विभाजन थांबतं, म्हणून त्या वाचतात! तरी पहिला मान मी त्यालाच देतो. याला हरकत घेणारे गॉटवाल्ट श्वार्त्झचं नाव पुढे करतात. रेडियम कातडीवर घट्ट दाबून धरलं की कातडी कमी पोळते, हे त्याने आधीच पाहिलं होतं. दावा वजनदार आहे. पण दाबल्यावर हटतं ते अख्खं रक्त. त्याबरोबर साखर जाते, ऊब जाते, ऑक्सिजनही जातो. यातलं नेमकं काय नडलं हे कसं ठरवणार? अंड्यांपासून एकच गोष्ट काढून घेतली होती.

तिसरा दावेदार ओटो वारबुर्ग. कर्करोगाला ऑक्सिजन सोसत नाही, हे वाक्य त्याच्या नावावर सर्रास खपवलं जातं. त्याने दाखवलं ते इतकंच की गाठीच्या पेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही साखर आंबवून भागवतात. त्यावरून ‘ऑक्सिजन ओढा, गाठ विरेल’ म्हणणारे आजही दुकान मांडून बसतात. ऑक्सिजन एकटा गाठ मारत नाही. किरणांनी डीएनए मोडला की क्षणभर तो सांधला जाण्याची शक्यता असते. ऑक्सिजन तिथे हजर असेल तर मोड पक्की होते. तो नसेल तर तेवढ्याच पेशी मारायला सुमारे अडीच ते तीन पट किरण लागतात.

हे आकडे पक्के करण्यात मोठा वाटा होता ब्रॉड बीनच्या कोवळ्या मुळांचा. किरण दिल्यावर मूळ किती खुंटतं, ते इंग्लंडमध्ये लुई हॅरल्ड ग्रे आणि त्याचे सहकारी मोजत बसले. पुढे 1955 मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेशींच्या दोऱ्याची त्रिज्या 0.16 मिलिमीटरपेक्षा कमी असली की आत काही मेलेलं नसे, 0.2 च्या पुढे गेली की गाभा हमखास मेलेला. वाटेतल्या पेशीच ऑक्सिजन खाऊन टाकतात, आतल्यांपर्यंत तो उरतच नाही. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमात तर असा मेलेला भाग ही ओळखीची खूणच.

त्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधून चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णाला तीन वातावरणांच्या दाबात ऑक्सिजन देऊन रेडिएशन दिल्याचं प्रसिद्ध केलं. कोठी आणि अंडं यांचं लग्न लागलं ते इथे. मेंदूच्या गाठींवर 1977 मध्ये चँग यांची चाचणी आली: कोठीतल्या गटाचं मध्यम आयुर्मान 38 आठवडे, बाहेरच्यांचं 31. हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. शिवाय कोठीच्या भिंतीतून किरणांचा नेम धरणं जिकिरीचं. जपानी डॉक्टरांनी त्यावर तोड काढली: रुग्णाला कोठीतून बाहेर काढायचं आणि पंधरा मिनिटांच्या आत किरण द्यायचे. निकाल आशा वाटावी असे आहेत, पण तो अजून प्रस्थापित उपचार झालेला नाही. रेडिएशनने मेंदूचा भाग मरतो, त्यावर मात्र ही कोठी कधीकधी वापरतात.

या कुळाची एक शाखा आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात निघते. आव पडली की घ्यायची ती मेट्रोनिडाझोलची गोळी! तिचा रेणू किरणांच्या क्षणी ऑक्सिजनचं काम करतो, आणि पेशी तो ऑक्सिजनसारखा वाटेत खात नाहीत, म्हणून आतवर पोचतो. 1976 मध्ये कॅनडात उर्तासुन यांनी ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांना रेडिएशनआधी ती भरपूर मात्रेत दिली. गाठ काही महिने उशिरा परतली. तिची धाकटी बहीण मिसोनिडाझोल जास्त प्रभावी ठरेल असं वाटलं होतं. तिने हातापायांच्या नसांना इजा केली, आणि मेंदूच्या गाठींवरच्या मोठ्या चाचणीत आयुष्य काही वाढलं नाही.