गाठोड्याच्या पोटातली साक्ष

खर्डा-जामखेडकडच्या एखाद्या दवाखान्यात ऑपरेशनच्या कपड्यांचा ड्रम ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघतो, तेव्हा वरच्या टेपवर काळे पट्टे उमटलेले असतात. सिस्टर पट्टे बघतात आणि ड्रम ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवतात. पण ते पट्टे बाहेरून वाफ लागल्याचंच सांगतात. आतल्या घडीपर्यंत ती पोचली का?

ऑटोक्लेव्ह १८७९चा, पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलां यांचा. त्याची साक्ष काढायची रीत मात्र फार उशिरा आली, आणि मधल्या काळाची किंमत माणसांनी मोजली. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला परळच्या प्रयोगशाळेतली प्लेगची लस टोचली गेली. एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. लस निर्जंतुक करताना कार्बोलिक सोडून उष्णतेवर भर देणारे, ही लस शोधणारे हाफकिन यांच्यावर ठपका आला. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे समोर आलं तरी त्यांच्यावरचा कलंक धुऊन निघायला १९०७ उजाडलं. शुद्ध बाटली आणि दूषित बाटली दिसायला सारखीच.

वाफेचा खरा वैरी हवा. कुकरला शिट्टी लावण्याआधी वाफ जोरात येऊ देतात ना, तसंच इथेही हवा आधी निघायला हवी. ती कापडात अडकली, तर काटा १३४ अंश दाखवतो आणि गाठोड्याचं पोट मात्र थंड राहतं. स्कॉटलंडमधल्या बोवी आणि डिक यांनी १९६३मध्ये यावर अगदी साधा तोडगा काढला: घडी केलेल्या टॉवेलांची चळत, मधोमध कागदावर टेपची फुली, १३४ अंशांवर साडेतीन मिनिटं. फुली सगळीकडे सारखी काळी झाली तर हवा गेली. मध्यभाग फिका राहिला तर त्या दिवशी यंत्र बंद. साक्षीदार थेट गाठोड्यात बसवला, हे मला या चाचणीचं मोठेपण वाटतं.

तरीही फुली वाचणार माणूसच. इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात १९७२मध्ये सलाइनसारख्या द्रवाच्या दूषित बाटल्यांनी रुग्ण दगावले. कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा अडकली होती, खालच्या बाटल्या तापल्याच नव्हत्या. तापमान चढत नाही हे नोंदयंत्राने कागदावर दाखवलं होतं. पण ते यंत्रच बिघडलंय असं समजून कामगार दुसऱ्या काट्यावर विसंबले.

स्वयंचलित चाचणीची मुळं मी माणसाच्या अशा चुकीत शोधतो. आता टॉवेलांच्या जागी संवेदक असलेलं छोटं उपकरण ठेवता येतं. तापमान आणि दाब ते सतत टिपतं आणि पडताळून बघतं: शुद्ध वाफ १३४ अंशांवर असेल तर निर्वातापासून मोजलेला दाब सुमारे ३ बार हवाच. मेळ बसला नाही तर हवा आहे. गळतीच्या चाचणीत निर्वातातला दाब मिनिटाला १.३ मिलिबारपेक्षा जास्त वाढला की यंत्र नापास. निकाल आपोआप नोंदला जातो, मागाहून कुणाला भरता येत नाही.

जामखेडला १९७०मध्ये रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, त्या काळात अस्वच्छ ब्लेडने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात हे खेड्यापाड्यांतल्या बाळांच्या मृत्यूचं एक मोठं कारण होतं. बाळंतपणाच्या निर्जंतुक सामानाच्या पुड्याही वाफेवरच भरवशाच्या होतात. अशा भागात मधेच वीज गेली तर राहिलेली मिनिटं पुढे जोडून चालत नाही. चक्र पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि ते केलं की नाही हे नोंदीत दिसतं.