मानसिक ताणाची शारीरिक लक्षणे (परिचर्या)

चिंता, नैराश्य, शोक किंवा आघात यांमुळे शरीरात जाणवणाऱ्या वेदना व बदल यांना मानसिक ताणाची शारीरिक लक्षणे म्हणतात. ती ओळखणे हे मानसिक आरोग्य परिचर्येतील मूलभूत कौशल्य आहे. अनेक रुग्ण मनाचे दुःख थेट सांगत नाहीत. ‘छातीत धडधडते’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात त्राण नाही’ अशा तक्रारींतून ते व्यक्त होते. या वेदना खऱ्या असतात. ते ढोंग नव्हे.

कारणे

भीती किंवा ताणाच्या वेळी अनुकंपी तंत्रिका तंत्र उत्तेजित होते आणि ॲड्रेनलिन स्रवते. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, घाम येतो व तोंडाला कोरड पडते. श्वास फार जलद झाल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. नैराश्यात झोप, भूक व वजन यांत बदल होतो. थकवा, डोकेदुखी, पाठदुखी व बद्धकोष्ठताही आढळते.

निरीक्षण

अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांच्यातील नात्याला मध्यवर्ती स्थान दिले. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र व घबराट अशा चार पातळ्या त्यांनी मांडल्या. पातळी वाढते तशी रुग्णाची आकलनशक्ती आकुंचित होते. म्हणून अशा वेळी शांतपणे, लहान वाक्यांत बोलावे लागते. लक्षण केव्हा सुरू झाले, कशाने वाढते व त्याआधी काय घडले, याची नोंद शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत केली जाते. ‘पीएचक्यू-१५’ या प्रश्नावलीत १५ शारीरिक तक्रारींना ० ते ३० गुण दिले जातात. मात्र ती निदानाची जागा घेत नाही.

दक्षता

चुका दोन्ही बाजूंनी संभवतात. मनातील व्यथा न विचारता केवळ तपासण्या केल्यास मूळ त्रास तसाच राहतो. उलट, मनोरुग्ण म्हणून नोंद असलेल्या व्यक्तीची छातीतील कळ ‘चिंता’ समजून सोडून दिल्यास हृदयविकाराचा झटका दुर्लक्षित राहू शकतो. थायरॉइडचे आधिक्य, रक्तशर्करा घटणे, रक्तक्षय व मद्य अचानक सोडणे यांतही चिंतेसारखी लक्षणे दिसतात. मनोविकारविरोधी औषधांमुळे एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता (अकॅथिसिया) निर्माण होऊ शकते. तिला आजार वाढल्याचे लक्षण मानून मात्रा वाढवल्यास त्रास अधिकच वाढतो. त्यामुळे नाडी, रक्तदाब, श्वसन व तापमान मोजून प्रत्येक नवी तक्रार डॉक्टरांना कळवणे आवश्यक ठरते.