पित्तनलिकाशोथ
यकृतात तयार होणारे पित्त ग्रहणीत (लहान आतड्याच्या पहिल्या भागात) नेणाऱ्या नलिकांच्या जंतुसंसर्गजन्य दाहयुक्त सुजेस ‘पित्तनलिकाशोथ’ म्हणतात. नलिकेत पित्ताश्मरी (पित्ताचा खडा) अडकणे हे त्याचे नेहमीचे कारण असून मारक अर्बुद, नलिकेचे आकुंचन व आतड्यातून वर शिरलेला जंत ही इतर कारणे होत. मार्ग अडला, की साचलेल्या पित्तात एश्चेरिकिया कोलायसारखे आतड्यातील सूक्ष्मजंतू वाढतात, दाब चढतो आणि जंतू यकृतावाटे रक्तात ढकलले जातात. या दाबामुळेच विकार अल्पावधीत प्राणघातक ठरू शकतो.

फ्रेंच वैद्य झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांचे नाव मुख्यतः तंत्रिका तंत्राच्या रोगांशी निगडित आहे. तथापि थंडी वाजून येणारा ताप, पोटाच्या उजव्या वरच्या भागातील वेदना आणि कावीळ ही या विकाराची त्रयी त्यांनीच १८७७ मध्ये वर्णिली. अमेरिकेतील रेनल्ड्झ व डार्गन यांनी १९५९ मध्ये तीत अवसाद (रक्तदाब घसरून येणारी गंभीर अवस्था) व मानसिक गोंधळ यांची भर घातली. ही त्रयी अनेक रोग्यांत पूर्ण दिसत नाही, म्हणून तिची वाट पाहत बसणे धोक्याचे असते.

प्रतिजैव औषधे आल्यावरही मृत्यू थांबले नाहीत, कारण अडलेल्या नलिकेतील पित्तात औषध पुरेसे उतरत नाही. पोट उघडून नलिकेत नळी बसविणे हाच मुख्य उपाय होता व अवसादातील रोग्यास तो अनेकदा सोसत नसे. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी तोंडावाटे अंतर्दर्शक घालून नलिकेच्या मुखाचा स्नायू छेदण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हाँगकाँग येथे तीव्र विकाराच्या ८२ रोग्यांची दोन गटांत तुलना करण्यात आली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेच्या गटात १३, तर अंतर्दर्शकाने निचरा केलेल्या गटात केवळ ४ रोगी दगावले. त्यानंतर शस्त्रक्रिया मागे पडली.

मराठवाड्यात औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने सर्वतोमुखी आहे. गुलमंडीसारख्या जुन्या पेठेतील रोग्यास ते जवळ, खेड्यातील रोग्यास दूर. परंतु खरा विलंब अंतरापेक्षा समजुतीने होतो : हुडहुडी भरली, की हिवताप समजला जातो आणि डोळे पिवळे झाले, की झाडपाला व पथ्य यांवर भिस्त ठेवली जाते. साध्या विषाणुजन्य काविळीत पुष्कळदा आपोआप उतार पडत असल्याने या समजुतीस बळ मिळते. तुंबलेली नलिका मात्र आपोआप मोकळी होईलच असे नाही.

टोकिओ येथे ठरलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व २०१३ आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ताप, रक्ततपासणी व प्रतिमादर्शन यांवरून निदान करून तीव्रतेच्या तीन श्रेणी ठरवितात. रक्ताचा नमुना जंतुसंवर्धनासाठी घेऊन शिरेतून द्रव व प्रतिजैव औषधे देतात. अवसाद असल्यास औषध पहिल्या तासातच द्यावे लागते. सौम्य विकारात २४ तासांत उतार न पडल्यास, मध्यम विकारात लवकर आणि तीव्र विकारात रक्तदाब व श्वसन सावरून तातडीने निचरा करतात. अंतर्दर्शक पोहोचत नसल्यास त्वचेतून यकृतात सुई घालून पित्त बाहेर काढतात.