नमुनाधारित संगीत-प्रणाली आणि साठवणुकीचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वाद्याचा मुद्रित ध्वनी कळपट्टीवरून वाजविण्याची कल्पना संगणकाच्या आश्रयाने जन्मलेली नाही. १९६३ साली इंग्लंडमध्ये अवतरलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीसाठी चुंबकीय फितीचा स्वतंत्र तुकडा असे. सुमारे ८ सेकंदांत तो संपे आणि स्वरही खुंटे. १९७९च्या ऑस्ट्रेलियन फेअरलाइट सीएमआयने फितीची जागा अंकीय स्मृतीस दिली. परंतु स्मृती महाग असल्याने नमुने अत्यल्प लांबीचेच राहिले.

खरा पेच पुढचा आहे. पियानोचा खर्जातील स्वर पूर्ण विरेपर्यंत, तोही निरनिराळ्या आघातांनी मुद्रित करावयाचा, तर ते भांडार रॅममध्ये मावेना. १९९८ मध्ये नेमेसिस या अमेरिकन कंपनीच्या गिगासॅम्पलरने युक्ती योजिली : प्रत्येक नमुन्याचा केवळ आरंभ रॅममध्ये ठेवावयाचा आणि तो वाजत असताना उर्वरित भाग हार्डडिस्कवरून आणावयाचा. मात्र मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्ध्या फेऱ्यासच सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात; वाचकशीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. शंभर स्वर एकदम मागितले की तिची दमछाक ठरलेली.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हा विलंब मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास उतरला. त्याचा लाभ भांडार झटपट उघडण्यापुरता मानणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, अपुरे आहे. आरंभीचे तुकडे आखूड ठेवता आल्याने रॅमही मोकळी झाली. इंटेलची एक्स२५-एम २००८ साली बाजारात आली. गिगासॅम्पलरचा वारस असलेले गिगास्टुडिओ बंद करीत असल्याचे टॅस्कॅमने जाहीर केले, तेही त्याच वर्षी.