किरायाच्या खोल्यांचा हिशोब : मुंबईच्या चाळीपासून वऱ्हाडापर्यंत

सोयाबीनचे पैसे हाती आले की आपल्याकडे बऱ्याच घरांत एक विषय निघतो. वाशीमला प्लॉट घ्यावा, चार खोल्या काढाव्या, किराया सुरू करावा. शेतीला पावसाचा भरवसा नाही, किराया मात्र दर महिन्याला येतो, असा त्यामागचा विचार. हा विचार जुना आहे. तो कुठे चालला आणि कुठे फसला, ते आज आपण पाहू. रिठदमध्ये बसून सुरुवात मात्र मुंबईपासून करावी लागेल.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी काढली. गिरण्या वाढल्या, कोकण-घाटावरून माणसं आली, आणि त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. पैसा बहुतेक खाजगी होता. व्यापारात कमावलेला, नाहीतर व्याजाने घेतलेला. मालकाचं गणित सोपं होतं : कमी जागेत जास्त खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास. त्या गणिताची किंमत १८९६ च्या प्लेगने दाखवून दिली. दाट वस्त्या पाडून नवी घरं बांधायला सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला.

पुढे १९२० मध्ये सरकार स्वतःच मोठं घरमालक व्हायला निघालं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी चाळी म्हणतात त्या याच. सरकारने कर्ज उभारलं, आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवली. मुंबईला वऱ्हाडचा कापूसही जात होता, तेव्हा या चाळींशी आपला अगदीच संबंध नाही असं म्हणता येणार नाही! योजना ५० हजार खोल्यांची होती. ती वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या २०७ चाळींवर थांबली. बांधकाम महाग पडलं. खर्च निघेल इतकं भाडं कामगाराला परवडेना, म्हणून ते कमी ठेवावं लागलं, तरीही सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. सरकारलाही चुकलं नाही असं हे गणित आहे : खोली बांधल्याने भाडं येत नाही, भाडेकरूच्या ऐपतीतून येतं.

दुसरी बाजू कायद्याची. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. फाळणीचा, टंचाईचा काळ. भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचं नाही, हा हेतू योग्यच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला. सिमेंट, मजुरी, कर सगळं वाढलं, भाडं तिथेच. मालकाने डागडुजी सोडली. वरकड पैसा पागडीच्या रूपाने हिशोबाबाहेर फिरू लागला. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आणावं लागलं. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही.

आपल्या वऱ्हाडात कायदा वेगळा होता. इथे चालत होता तो मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश. त्यात मालकाला किरायेदारी संपवण्याची नोटीस द्यायची, तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. थकबाकी किंवा स्वतःची गरज अशी कारणं तिथे सिद्ध करायची, मग दिवाणी दावा. म्हणजे एका खोलीसाठी दोन लढाया. रिसोड तालुक्याची हद्द ओलांडून हिंगोलीकडे गेलं की मराठवाडा, तिथे हैदराबादचा १९५४ चा कायदा. राज्य १९६० मध्ये एक झालं, पण भाड्याचे कायदे तीनच राहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा ते एक झाले. या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. तो सूचीतल्या क्षेत्रांनाच लागू आहे. आपली जागा त्यात येते की नाही, हे आधी पाहावं.

आता आपल्या चार खोल्यांकडे येऊ. समजा, घर २५ लाखांचं. १० लाख आपले, १५ लाख कर्ज, व्याज ९ टक्के. पहिल्या वर्षी नुसतं व्याज सुमारे १ लाख ३५ हजार. किराया महिना ७ हजार धरू. एक महिना घर रिकामं राहणारच, म्हणजे ७७ हजार. घरपट्टी, रंग, मोटार, नळ यांचे १२ हजार वजा करा. उरले ६५ हजार. वरचे ७० हजार, शिवाय मुद्दल, वावरातून भरायचं. आकडे तुमचे तुम्ही घाला. पण व्याजाचा दर किरायाच्या दरापेक्षा जास्त असेल, तर आपण किरायावर नाही, जागेचा भाव वाढेल या आशेवर पैसे लावतोय. तसे लावायला हरकत नाही, पण ते ओळखून लावावेत. आणि त्यासाठी वावर गहाण ठेवायचं असेल, तर दोनदा विचार करावा.

चाळींच्या इतिहासात मालक खलनायक आणि भाडेकरू बिचारा, किंवा त्याच्या उलट, असं सांगायची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. छत गळायला लागलं तेव्हा दोघांचंही नुकसान झालं. दुरुस्तीचा पैसा किरायातून बाजूला न काढणारा मालक आणि तोंडी बोलीवर राहणारा किरायेदार, दोघंही उद्याचं भांडण आजच घरात आणतात. करार लिहा, नोंदवा, पावती द्या, पावती घ्या. भाऊबंदातला किरायेदार असला तर जास्तच.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते घेऊ.